ओली भिंत

चित्रशाळेचे चिंतन करू लागले की मन आधी चित्राकडे धावते, चित्रावरून चित्रकाराकडे आणि तिथून पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे जाते. पण ज्या आधारावर हे तिघे एकत्र येतात ती भिंत मनाच्या वाटेत येतच नाही, कारण आधार देऊन मागे राहायचे हाच तिचा स्वभाव आहे. आपण आज तिच्याच सान्निध्यात थोडे थांबू. विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी आणि भोवतालच्या लोकांसाठी मांडलेली, शिकता शिकता वाढणारी, फसण्याला न भिणारी अशी जी चित्रशाळा असते, तिचे मर्म तिथल्या चित्रांच्या मोलात शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही. तिची भिंत कोणाकडे तोंड करून उभी आहे, ती कोणी लिंपली, ती अजून ओली आहे की केव्हाच वाळून गेली, हे विचारू लागले की एकेक पदर सुटू लागतो. आणि असे विचारायला आपल्या देशात शांतिनिकेतनाइतकी योग्य जागा दुसरी नाही, असे त्या एका विषयाभोवती वर्षानुवर्षे फिरल्यावर माझे मत झाले आहे.

नवल असे की ज्या आश्रमाने शिक्षणातून भिंत काढून टाकली, त्याच आश्रमाने भिंतीला सर्वांत अधिक मान दिला. १९०१ साली रवींद्रनाथांनी बंगालातल्या बीरभूमच्या तांबड्या माळावर मुलांची शाळा सुरू केली तेव्हा वर्ग झाडाखाली भरत, आणि आजही तिथल्या पाठभवनातली मुले आसन घेऊन आंब्याखाली, सालाखाली बसतात. विद्या कोंडून देता येत नाही हा त्यामागचा विश्वास होता. पुढे १९१९ मध्ये कलाशिक्षणाचे कलाभवन आले, १९२१ मध्ये विश्वभारतीची रीतसर स्थापना झाली, १९५१ मध्ये ते केंद्रीय विद्यापीठ झाले. इमारती वाढल्या, ग्रंथ ठेवायला, मुलांना निजायला, चिनी आणि हिंदी शिकवायला घरे लागली, आणि घर म्हटले की भिंत आलीच. तेव्हा झाडाखाली बसणाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला की भिंत अटळच असेल तर तिने अडवण्यावाचून आणखी काय करावे? कलाभवनाची धुरा वाहणाऱ्या नंदलाल बोस यांनी या प्रश्नाचे उत्तर शब्दांत न देता चुन्यात दिले. भिंतीने द्यावे, असे ते उत्तर होते. आणि कोणाला द्यावे, तर जो कोणी समोरून जाईल त्याला.

हा ‘समोरून जाणारा’ नीट ध्यानात घ्यावा, कारण भिंतीचा पहिला पदर त्याच्यापाशी आहे. दालनात टांगलेले चित्र पाहायला माणूस चित्रासाठी म्हणून येतो. तो तयारीने येतो, चपला आणि चिंता बाहेर ठेवून येतो, आणि आपण रसिक आहोत याची पुसट जाणीव त्याच्या पाठीशी उभी असते. पण जुन्या ग्रंथालयाच्या व्हरांड्यातली चित्रे पाहणारा मुलगा ग्रंथ आणायला निघालेला असे. संतोषालय या लहान मुलांच्या वसतिगृहात कलाभवनाच्या विद्यार्थ्यांनी भिंती रंगवल्या. ती चित्रे पाहणारी मुले झोपेतून उठत होती, भांडत होती, घरच्या आठवणीने रडत होती. त्यांच्यासाठी चित्र हा प्रसंग नव्हता, ते दिवसाचे अंग होते. आपल्या देवळांच्या बाह्य भिंतींवर यक्ष, अप्सरा, हत्तींच्या रांगा का कोरल्या असतील याचा विचार केला तर हीच दृष्टी दिसते: गाभाऱ्यात जाण्याचा ज्याला अधिकार नाही असे कोणे एके काळी सांगितले गेले, त्यालाही प्रदक्षिणेच्या वाटेवर काही मिळावे, एवढी करुणा त्या दगडात आहे. विद्यापीठाच्या चित्रशाळेची भिंत बाहेरच्या बाजूने रंगली पाहिजे, असे मी म्हणतो ते या करुणेला स्मरून.

आणि ही करुणा महाराष्ट्राच्या मातीतही एकदा उतरली होती. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, आणि गांधीजींनी तिथल्या सजावटीसाठी नंदलालांना बोलावले. बांबू, गवत, आसपास मिळेल ते साहित्य, गावातल्याच कारागिरांचे हात, एवढ्यावर नंदलालांनी मंडप आणि कमानी उभ्या केल्या. दीड वर्षाच्या आतच, १९३८ च्या फेब्रुवारीत, गुजरातेत हरिपुऱ्याला पुन्हा तेच घडले. तिथे त्यांनी स्वतः ऐंशीहून अधिक चित्रे काढली आणि कलाभवनाच्या सहकाऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रती केल्या. शिंपी, सुतार, ढोलकी वाजवणारा, दळणारी बाई, बाळाला पाजणारी आई, असे विषय. मातीचे रंग, हातकागद, आणि टांगण्याची जागा म्हणजे अधिवेशनाला आलेला शेतकरी ज्या वाटेने जाणार ती वाट. त्या चित्रांना भिंत मिळाली ती चार दिवसांची, बांबूची आणि तट्ट्याची. तरीही मी तिला विश्वभारतीच्या चित्रशाळेचीच भिंत म्हणेन. ती शेकडो कोसांवर जाऊन उभी राहिली इतकेच. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात चित्र म्हणून काही पाहिले नव्हते त्याने तिथे आपलेच काम, आपलाच घाम रंगात पाहिला, आणि विद्यार्थ्याला कळले की आपण ज्याचे चित्र काढतो तोच आपला पहिला पाहणारा आहे.

आता दुसऱ्या पदराकडे येऊ, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सारे निरूपण ज्या ओलीवर उभे आहे ती ओल इथे आहे. भित्तिचित्राची जी रीत ‘फ्रेस्को’ म्हणून ओळखली जाते तिच्यात रंगात डिंक नसतो, तेल नसते, चिकटवणारे काहीच नसते. चुना आणि वाळू यांचा गिलावा भिंतीवर चढवतात आणि तो ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग त्यावर देतात. गिलावा वाळू लागतो तसा चुना हवेतला कर्बवायू ओढून घेतो, पुन्हा दगडाच्या जातीचा होतो, आणि दगड होता होता रंगाचे कण आपल्या पोटात धरून ठेवतो. मग तो रंग भिंतीवर उरत नाही. तो भिंतच होतो. मात्र या साऱ्याला काळाचे बंधन आहे. गिलावा फार ओला असेल तर रंग पसरतो, वाळला असेल तर रंग वरच राहतो आणि उद्या बोटाला लागतो. शेतकरी पेरणीआधी जमिनीच्या वाफशाची वाट पाहतो, चिखलही नको आणि कोरडही नको असा तो मधला क्षण ओळखून तिफण धरतो. चित्रकाराला चुन्याचा तसाच वाफसा ओळखावा लागतो. म्हणून एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी चढवायचा, अशी या कामाची शिस्त आहे.

विद्यार्थ्याच्या मनालाही असा एक वाफसा असतो, हे ज्यांनी शिकवले आहे त्यांना निराळे सांगायला नको. त्या अवस्थेत जे पडेल ते पोटात जाते आणि आयुष्यभर टिकते. ती टळली की पुढे कितीही उत्तम रंग लावा, तो वरच राहतो. विद्यापीठातल्या चित्रशाळेचे सारे सामर्थ्य आणि सारी जबाबदारी या एका गोष्टीत आहे की तिच्यापुढे येणारा विद्यार्थी अजून ओला आहे. नगरातल्या मोठ्या संग्रहालयात सिद्ध झालेली, काळाने निवडलेली चित्रे असतात आणि ती असावीत. पण विद्यापीठाच्या चित्रशाळेने केवळ तेच केले तर वाळलेल्या भिंतीपुढे ओल्या मुलाला उभे करून त्याला ‘असा हो’ म्हटल्यासारखे होते. त्याच्या हाती ओली भिंत दिली पाहिजे. ओल्या भिंतीवर खोडाखोड चालत नाही, काढलेली रेघ परत घेता येत नाही, आणि संध्याकाळपर्यंत निर्णय घ्यावाच लागतो. हे भय आणि हा आनंद एकत्र ज्याने अनुभवला त्याला प्रयोग म्हणजे काय हे पुन्हा शिकवावे लागत नाही. प्रयोग म्हणजे मन मानेल तसे करणे, अशी एक समजूत पसरलेली आहे. चुना ती समजूत एका दिवसात मोडतो.

आणि ही ओल ओळखायला कोणी शिकवले, हेही ऐकण्याजोगे आहे. १९२० च्या दशकात जयपूरहून नरसिंगलाल नावाचे परंपरेने भित्तिचित्रे करणारे कारागीर शांतिनिकेतनात बोलावले गेले. राजस्थानी रीतीत रंग दिल्यावर पृष्ठभाग थापतात आणि अकीकाच्या दगडाने घोटून घोटून त्याला आरशासारखी तकाकी आणतात. पिढीजात कारागीर विद्यापीठात आचार्य होऊन आला, आणि ज्यांना पुढे देश कलागुरू म्हणून ओळखणार होता ते त्याच्या हाताकडे पाहत चुना कालवायला शिकले. ‘समाजासाठी चित्रशाळा’ हे शब्द आपण सहज उच्चारतो, आणि त्यात समाज म्हणजे खाली बसून घेणारा आणि विद्यापीठ म्हणजे वरून देणारे असे चित्र नकळत येते. भिंत ते चित्र पुसून टाकते. तिथे समाज आधी गवंडी होऊन आला, पाहणारा होऊन नंतर.

आपल्या घरी भिंतीची एक कथा पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. चांगदेव वाघावर बसून, सर्पाचा आसूड करून भेटीला निघाले, आणि ज्ञानदेव, निवृत्ती, सोपान, मुक्ताई ही चार भावंडे ज्या भिंतीवर बसली होती ती भिंतच त्यांच्या स्वागताला चालत निघाली. आळंदीला ती भिंत आजही दाखवतात आणि माणसे तिला हात लावून तो हात कपाळाला लावतात. या कथेतला चमत्कार जडाला चैतन्य आले एवढाच मानला तर कथा तिथेच संपते. मला तिच्यात आणखी एक गोष्ट नेहमी दिसत आली आहे. वाघ हे बळाचे वाहन आहे; ते एकट्याचे असते आणि समोरच्याला भय घालते. भिंतीवर चौघे बसले होते, आणि ती चालली ती येणाऱ्याला सामोरे जायला. जी भिंत पाहुण्याने दाराशी यावे म्हणून वाट पाहत उभी राहते ती साधी भिंत. जी उठून त्याच्या वाटेवर जाते ती संतांची भिंत.

ही कथा मनात ठेवून शांतिनिकेतनातल्या हिंदीभवनात शिरावे. १९४६-४७ मध्ये चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांनी तिथल्या दालनाच्या तीन भिंतींच्या वरच्या भागावर मध्ययुगीन संतांचे जीवन ओल्या गिलाव्यावर रंगवले. रामानुज आहेत, कबीर आहेत, रैदास, सूरदास, तुलसीदास, गुरू गोविंदसिंग आहेत. पण कोणी उंच आसनावर बसवलेला नाही, कोणाला लोकांपासून तोडून प्रभावळीत ठेवलेले नाही. विणणारे, ओझी वाहणारे, स्नानाला निघालेले, मुले कडेवर घेतलेले असे अपार लोक आहेत आणि त्या दाटीतून संत चालले आहेत. कुठे संत संपतो आणि लोक सुरू होतात ते पटकन सांगता येत नाही. क्षितिमोहन सेन यांनी गावोगाव फिरून साधुसंतांची वचने गोळा केली होती, हजारीप्रसाद द्विवेदी हिंदीभवनात कबीराचा अभ्यास करीत होते. त्या विद्येचा ओघ चुन्यात उतरला. आणि हे प्रचंड चित्र बिनोदबिहारींनी भिंतीच्या मापाचे पूर्वरेखाटन न करता, लहान टिपणे मनात धरून थेट गिलाव्यावर उभे केले. मदतीला विद्यार्थी होते; त्यांत केरळातून आलेला, स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतल्यामुळे पहिले महाविद्यालय सोडावे लागलेला एक तरुण होता, त्याचे नाव के. जी. सुब्रमण्यन. त्याच्याकडे आपल्याला पुढे पुन्हा यायचे आहे.

बिनोदबिहारींविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. त्यांचा एक डोळा जन्मापासून निकामी होता आणि दुसऱ्याला फार थोडे दिसे. हिंदीभवनाची ती लांबच लांब भिंत त्यांनी अशा दृष्टीने रंगवली की जिला एका वेळी हातभर जागाच स्पष्ट दिसत होती. अखंड चित्र डोळ्यांपुढे कधी आलेच नाही, ते आत होते. पुढे १९५० च्या दशकात डोळ्यांवरील शस्त्रक्रियेनंतर उरलीसुरली दृष्टीही गेली. ते थांबले नाहीत. बोटांनी चाचपून मेणाच्या आकृत्या केल्या, कागद कापून चित्रे केली, विद्यार्थ्यांना शिकवीत राहिले, आणि १९७२ च्या सुमारास कलाभवनाच्या एका भिंतीवर फरश्यांच्या तुकड्यांतून मोठे चित्र उभे केले. त्यांचे एके काळचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ मध्येच त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट केला. तुमच्या माझ्यासारख्यांनी यातून काय घ्यावे? दालनातल्या चित्राला हात लावू नये असा नियम असतो आणि तो योग्य आहे. पण ज्या माणसाला भिंत केवळ हातानेच भेटू शकत होती त्यानेही एक भिंत मागे ठेवली, हे आठवले की वाटते, डोळस माणसासाठीही भिंत आधी स्पर्शाची वस्तू आहे. आळंदीला हात लावणारा भाविक हे जाणतो. विद्यापीठाच्या चित्रशाळेत निदान एक भिंत हात लावण्याची असावी.

अशी एक भिंत कलाभवनात १९३० च्या दशकापासून आहे. ती काळी आहे. ‘कालोबाडी’, म्हणजे काळे घर, हे मातीचे वसतिगृह. त्याच्या भिंतींवर नंदलाल आणि शिल्पकार रामकिंकर बैज यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी मातीचे उठाव केले आणि पावसापासून वाचावे म्हणून वरून डांबर चढवले. भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावरील आकृती तिथे आहेत, इजिप्त आणि असीरियातील शिल्पे आहेत, सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरले प्राणी आहेत. ज्या मुलांना कैरो किंवा लंडन पाहायला मिळण्याची शक्यता नव्हती त्यांनी जगाचे संग्रहालय आपल्या झोपायच्या खोलीबाहेर मातीत घडवले. नक्कल करता करता त्यांचा हात शिकला आणि त्या शिकण्याच्याच भिंतीआड ती रात्री झोपली. बीरभूममधल्या संथाल आदिवासींच्या घरांच्या भिंती पाहिल्या की हे घर कुठून आले ते कळते. तिथल्या बायका माती कालवून हाताने भिंत गुळगुळीत करतात, तिच्यावर मातीच्याच रंगांचे पट्टे ओढतात, आणि पावसाळा झाला की पुन्हा सारे नव्याने करतात. रवींद्रनाथांसाठी १९३५ मध्ये बांधलेले ‘श्यामली’ हे घरही असेच मातीचे, आणि त्याच्या बाहेरच्या भिंतींवरही कलाभवनाने उठाव केले. मातीची भिंत एकदा बांधून विसरता येत नाही. तिला दर वर्षी हात लागतोच, आणि म्हणून ती कधी पुरती वाळत नाही. ओलीचा हा दुसरा अर्थ मला या काळ्या घराने दिला. चुन्याची ओल एका दिवसाची असते, मातीची ओल जपणाऱ्या हातांवर अवलंबून असते.

रामकिंकरांनी तर भिंतही ओलांडली. बांकुड्याहून १९२५ मध्ये आलेला हा गरीब घरचा मुलगा कलाभवनाच्या आवारात, उघड्या आकाशाखाली सिमेंट आणि जांभ्याची खडी यांचा काला सांगाड्यावर फेकून शिल्पे करू लागला. ब्राँझ परवडत नव्हते, संगमरवर दूर होता. पायाखाली जांभा होता. १९३५ मध्ये निलगिरीच्या झाडांमध्ये त्यांनी एक उंच, शिडशिडीत चालती स्त्री उभी केली. तिच्या डोक्यावर भांडे ठेवावे असे नंदलालांनी सुचवले, आणि त्या भांड्याने ती बुद्धाला पायस घेऊन निघालेली सुजाता झाली. गुरूने शिष्याच्या प्रयोगात बोट घालून त्याची दिशा बदलली नाही. तिच्या चालण्याला हेतू दिला. १९३८ मध्ये ‘संथाल परिवार’ आला: खांद्यावर कावड घेतलेला पुरुष, कावडीत मूल, शेजारी बायको, पायाशी कुत्रा, सारा संसार घेऊन कामाच्या शोधात निघालेले कुटुंब. कोणी मागणी केली नव्हती, कोणी पैसे दिले नव्हते. १९५६ मध्ये गिरणीचा भोंगा ऐकून धावणाऱ्या दोघी बायका आल्या, मागे मूल पळते आहे, वाऱ्यावर वाळणारे लुगडे उडते आहे. गिरणगावात वाढलेल्या कोणाही मराठी माणसाला हे शिल्प समजावून सांगावे लागणार नाही.

परंतु इथे एक प्रश्न आपण टाळू नये, कारण भिंतीचे निरूपण करताना तो टाळणे म्हणजे पुन्हा भिंत घालणे होईल. त्या आवारात संथाल माणूस शिल्प होऊन उभा राहिला. विद्यार्थी होऊन किती आला? ज्या बाईच्या हाताने काळ्या घराला रीत शिकवली तिचे नाव कोणत्या फलकावर आहे? नंदलालांच्या मनात हा प्रश्न होता असे मला वाटते, कारण जवळच्या श्रीनिकेतनात, ग्रामोद्धाराच्या कामासाठी १९२२ मध्ये उभारलेल्या केंद्रात, त्यांनी १९३० मध्ये ‘हलकर्षण’ हे नांगरणीच्या उत्सवाचे भित्तिचित्र उघड्यावर काढले, म्हणजे जिथे शेतकरी रोज येत तिथे भिंत नेली. तरी नेणे वेगळे आणि हाती देणे वेगळे. भिंत चालत शेतकऱ्यापर्यंत गेली; शेतकऱ्याच्या मुलीने त्या भिंतीवर रेघ ओढावी, एवढे अंतर अजून चालायचे राहिले आहे, आणि ते शांतिनिकेतनापुरतेच राहिलेले नाही.

ही भिंत आपल्या दिशेनेही चालत आली, हे आपण विसरतो. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात राजघराण्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या कीर्तिमंदिरात नंदलालांनी १९३९ ते १९४६ या काळात चार भिंती रंगवल्या, त्यांत गंगावतरण आहे आणि मीरेचे जीवनही आहे. महाराष्ट्रातून शांतिनिकेतनात गेलेले विनायक मासोजी तिथे शिकले आणि शिकवतही राहिले. पुढे बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले, १९५० मध्ये तिथे ललित कला विद्याशाखा सुरू झाली, नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला शिकवू लागले, शांतिनिकेतनात घडलेले शंखो चौधुरी शिल्प शिकवायला आले, आणि हिंदीभवनाच्या भिंतीवर गुरूला साहाय्य केलेले सुब्रमण्यनही आले. १९६० च्या दशकात त्या विद्याशाखेत जत्रा भरू लागली. अध्यापक आणि विद्यार्थी मिळून खेळणी, बाहुल्या, छोटी चित्रे करीत आणि शहरातली माणसे मुलांचे बोट धरून ती घ्यायला येत. कलाभवनातही नंदलालांच्या जन्मदिवसाला धरून डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत ‘नंदनमेळा’ भरतो, विद्यार्थी आपल्या हातच्या वस्तू कमी किमतीत विकतात आणि तो पैसा अडलेल्या विद्यार्थ्यांच्या मदतीला जातो. ‘नंदन’ हे कलाभवनाच्या चित्रशाळेचेही नाव आहे, तिथे संग्रह आहे, प्रदर्शने भरतात. पण त्या नावाचा मेळा दालनाच्या बाहेर, अंगणात आहे, हे मला फार योग्य वाटते.

२०२३ च्या सप्टेंबरात युनेस्कोने शांतिनिकेतनाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. या भिंती आता साऱ्या जगाच्या झाल्या, आणि त्यांना ऊन, पाऊस, बुरशी आणि हौशी हातांपासून जपणे हे कर्तव्यच आहे. चुन्याचे पापुद्रे सुटले तर हिंदीभवनाचे संत पुन्हा कोणी काढू शकणार नाही. पण जपण्याला एक धोका चिकटलेला असतो, आणि तो आपण डोळे उघडे ठेवून पाहावा. जपलेल्या भिंतीपुढे दोरी येते, दोरीपुढे पहारेकरी येतो, आणि पाहता पाहता विद्यापीठाच्या साऱ्याच भिंती जपण्याच्या होतात. मग विद्यार्थ्याच्या वाट्याला ओली भिंत उरत नाही. नंदलालांनी मुलांच्या वसतिगृहाच्या भिंती शिकाऊ हातांच्या हवाली केल्या तेव्हा त्यांतल्या कोणत्या पुढे अमोल ठरणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. वारसा आधी प्रयोग म्हणूनच जन्मला. म्हणून माझे मत असे आहे की प्रत्येक जपलेल्या भिंतीमागे एक उघडी, लिंपून तयार ठेवलेली भिंत विद्यापीठाने राखून ठेवावी, आणि तिच्यावर जे होईल त्याची हमी कोणाकडून मागू नये. आपल्याकडे पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात, गोव्यात विद्यापीठे आहेत, त्यांना लांबलचक कुंपणे आहेत, आणि त्या कुंपणांना लागूनच भाजीवाली बसते, रिक्षा उभ्या राहतात, परीक्षेच्या निकालाची वाट पाहणारे आईबाप उभे असतात. चित्रशाळेला नवी इमारत लागते असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा या कुंपणाच्या बाहेरच्या अंगाकडे पाहावे. चुना, वाळू, गेरू आणि काजळी यांना फार खर्च येत नाही. खर्च येतो तो विश्वासाला.

मग एक व्यवहाराचा प्रश्न उरतो आणि तो विद्यार्थीच विचारतात: भिंती मोजक्या, मुले दर वर्षी नवी, तेव्हा जुने चित्र पुसायचे कधी आणि कोणी? अध्यापकाने पुसले तर ती सत्ता होते, पुढच्या वर्षीच्या मुलांनी पुसले तर मागच्यांना दुखते, कोणीच पुसले नाही तर ओल संपते. याचे एक उत्तर सुब्रमण्यन यांनी करून दाखवले. ते बडोद्याहून १९८० मध्ये शांतिनिकेतनात परतले. गुरूच्या भिंतीला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांनी दुसरी भिंत निवडली. १९९० च्या सुमारास कलाभवनातल्या डिझाइन विभागाच्या इमारतीचा बाहेरचा भाग त्यांनी काळ्यापांढऱ्या रंगात पशू, पक्षी, माणसे, देव आणि पुराणकथा यांनी भरून टाकला. ऊनपावसात ते चित्र विटले. आपल्या नावाच्या आधाराने ते जसेच्या तसे जतन करा असे ते म्हणू शकले असते आणि कोणी नाही म्हटले नसते. २००९ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, ते पुन्हा त्याच भिंतीकडे वळले आणि आपले जुने चित्र जपून न ठेवता त्या जागी नवे चित्र काढले.